हॉलमधलं मारामारीचं कपाट

सोमवार, ६ जानेवारी २०२५

कपाट नाही, म्हणे मशीन! चार हमालांनी हातगाडीवरून आणलं, दाराची चौकट खरचटवली आणि माझ्या हॉलमध्ये पुस्तकांच्या मांडणीला टेकवून उभं केलं. जावईबापूंची खरेदी. आग्रा रोडमागच्या भंगारवाल्याकडून. कुठल्याशा बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधला डबा – वर फाटकं चित्र, खाली दोन दांडे नि रंगीत बटणं, कडेला सिगारेटी विझवल्याचे डाग.

"अक्का, चाळीसगावला स्टेशनजवळ अगदी हाच गेम होता! शाळा बुडवून खेळायचो."

वय चव्वेचाळीस. सांगतो कुणाला, तर निवृत्त मुख्याध्यापिकेला.

माझा गुडघा बदललाय, डोकं नाही. पण मयुरीला नागपुरात बँकेतून रजा मिळेना, म्हणून लेकीने नवरा पाठवला. "तो रिकामाच आहे, आई." रिकामाच! फोटो स्टुडिओ बंद पडल्यापासून रिकामाच. आजारी सासू, आणि सेवेला जावई. गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

डब्याचं मागचं दार उघडून आत डोकं घालून बसलाय. घरभर सोल्डरिंगचा वास. चालू होऊ नये, एवढीच इच्छा.

गुरुवार, ९ जानेवारी

चालू झालं.

शुक्रवार, १० जानेवारी

हा खेळ काय आहे ते एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे माझा राग उगाच नाही हे मलाच पुढे आठवेल.

एक बाही फाटलेला धिप्पाड माणूस. त्याची प्रेयसी गुंडांनी पळवली. लाल झग्यातली. तर पोलिसात जायचं सोडून हा उजवीकडे चालत सुटतो. उजवीकडेच! डावीकडे जग नाही. भेटेल त्याला बुक्का. मेलेला माणूस लुकलुकतो आणि नाहीसा होतो – ना पंचनामा, ना कुणी रडणारं. जरा पुढे गेलं की तोच माणूस शर्टाचा रंग बदलून पुन्हा हजर. चित्र काढणाऱ्याचा आळस, दुसरं काय! वाटेत पिंपं असतात. ती फोडली की आत भाजलेली कोंबडी. गटारीकाठच्या पिंपातली कोंबडी हा उचलून खातो आणि त्याची तब्येत सुधारते!!

तीन जीव मिळतात. ते संपले की दहापासून उलटे आकडे – नाणं टाका, पुढे चला. नाण्याच्या जागी जावईबापूंनी साधं बटण बसवलंय. दाबलं की काम झालं. पण दाबत नाही!

"तीन जिवांतच संपवायचा, अक्का. नाहीतर काय अर्थ?"

माणसाला आयुष्यात एकच तत्त्व असावं आणि ते असं.

तिसऱ्या टप्प्यात पूल लागतो, मधल्या फळ्या नसलेला. तिथे पडतो. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पूल, पुन्हा पडतो. शाळेत असतानाही तिथेच पडायचो, हे त्याने हसत हसत सांगितलं. म्हणजे प्रगतिपुस्तक कोरंच.

रविवार, १२ जानेवारी

मयुरीचा फोन. त्याच्याशी बोलली ती एवढंच – "आईला गोळ्या दिल्या? बरं." मग मी फोन घेतला. म्हटलं, लग्नाआधी घसा कोरडा केला होता, या माणसाचं काही व्हायचं नाही. सोडून दे. अजून वेळ गेलेली नाही.

दर वेळी भांडते. आज गप्प ऐकून घेतलं. उशिरा का होईना, शहाणपण येतंय.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. समोरच्या भिकुबाई तिळगूळ घेऊन आल्या. "वं अक्का, तुना घरमा कोणले मारी राह्यनात? बठ्ठी गल्ली आयकस!" सगळ्या गल्लीला ऐकू जातंय म्हटल्यावर मला वाटलं, आता हा खजील होईल. कसचं काय! बाई पदर खोचून डब्यासमोर उभ्या. "तो टकल्या मांगून ई राह्यना, संभाय!" दोघं लहान पोरांसारखी ओरडत होती. तिळगूळ माझ्या हातात तसाच.

जाताना म्हणाल्या, "जवाई भला शे तुना."

भिकुबाईंचा चष्मा बदलायला झालाय.

शनिवार, १८ जानेवारी

फिजिओथेरपिस्ट पोरगी म्हणाली, आजी, उभं राहणं वाढवा. मला आजी म्हणते!

ती गेल्यावर हा म्हणतो, "नुसतं वॉकर धरून उभं राहायला कंटाळा येतो अक्का. इकडे या, दुसरा दांडा धरा. दोघांना खेळता येतं."

"भूपेंद्रराव, मी मुख्याध्यापिका होते."

"हो ना. म्हणजे मारायची सवय असेल."

उद्धट! दांडा धरला, पण फक्त उभं राहण्यासाठी. माझा माणूस निळ्या पँटीतला. पहिल्याच गल्लीत मेला. दुसऱ्या डावात माझा बुक्का चुकून त्याच्याच माणसाला लागला – या खेळात आपल्यातल्यालाही लागतं. "अक्का! मी आपल्या बाजूचा!" म्हणून ओरडला.

दुसरा बुक्का चुकून नव्हता.

गुरुवार, २३ जानेवारी

पूल ओलांडला. हा वर्षानुवर्षं तिथे का पडतो ते मला आज दिसलं. घाई! पलीकडे चाकूवाला दिसला रे दिसला की उडी मारतो. जिन्यावरून पळणाऱ्या पोराला दरडावतात तशी ओरडले – थांबा! आधी त्याला पुढे येऊ द्या! थांबला. चाकूवाला स्वतःच खड्ड्यात पडला. मूर्ख.

चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या माझ्या हॉलमध्ये नाचला. बघवेना. गुडघा ठणकतोय हे मला जेवायला बसताना कळलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुपारी मयुरीचा फोन. नेहमीचंच बोलले. आज जरा जास्त – बांडगूळ, म्हटलं. तुझ्या जिवावर जगणारं बांडगूळ.

वर पाहिलं तर दारात हा. हातात गरम पाण्याची पिशवी. आत आला, टॉवेल गुंडाळून पिशवी गुडघ्यावर ठेवली, उशी सारखी केली. मग म्हणाला, "अक्का, तुमचा फोन स्पीकरवर असतो. मला रोज ऐकू येतं."

रोज!

दुसऱ्यांचं बोलणं ऐकूच नये माणसाने. मॅनर्स नाहीत.

संध्याकाळी मशीन लावलं नाही. भाकरी टाकल्या, वाढल्या, भांडी घासली, झोपला. चला, घरात शांतता तरी आली.

रविवार, २६ जानेवारी

शांतता. समोरच्या शाळेचं झेंडावंदन खिडकीतून पाहिलं. कवायत भिकार.

जेवणानंतर मीच म्हटलं, तो डबा काय शोभेला आणलाय का? उगीच जागा अडवून. त्याने हात पुसले. मग प्लग लावला.

बुधवार, २९ जानेवारी

संपवला. तीन जिवांत. बटण न दाबता.

शेवटी गुंडांचा म्होरक्या, तोच टकल्या, एका कारखान्यात, हातात बंदूक. माझ्या माणसाची रक्ताची पट्टी, म्हणजे उरलेली ताकद, जवळजवळ रिकामी. पिंपात कोंबडी होती, याला जवळ होती. "तुम्ही खा अक्का, लवकर!" खाल्ली. चव कशाला विचारायची! मग मी पुढून, हा मागून. टकल्या लुकलुकला. मी वॉकर सोडून टाळ्या वाजवल्या.

वाटलं, झालं. आता लाल झगेवाली येईल, बँड वाजेल. तर पडद्यावर आमचेच दोघे समोरासमोर उभे राहिले. संगीत बदललं. कोपऱ्यातलं घड्याळ चालू झालं.

"हे काय?" मी विचारलं.

तोही पाहतच राहिला. इथवर तो कधी आलाच नव्हता ना. "म्हणजे... एकच उरणार, अक्का. आता आपण एकमेकांना मारायचं."

आणि दांड्यावरून हात काढला.

मी म्हटलं, "हात ठेवा, भूपेंद्रराव. असलं लढणं मला चालत नाही."

"तुम्हाला मी मारणार नाही. घ्या, मारा. तुम्हाला आवडतं की."

हसून म्हणाला. चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. माझं डोकं तापलं. मारलं. एक, मग आणखी. त्याचा माणूस नुसता उभा. पडला, उठला, पुन्हा तिथेच उभा राहिला. शेवटी लुकलुकला. लाल झगेवाली धावत आली आणि माझ्या माणसाच्या गालाचा मुका घेतला.

"जिंकलात अक्का!" टाळ्या वाजवल्या त्याने. खऱ्याखुऱ्या. मग माझ्या पायावरची सूज बघायला खाली बसला.

इतका भिकार शेवट कुणाला सुचला असेल! सबंध संध्याकाळ तोंडाला चव नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मशीन लावलं नाही. तो विचारत होता. म्हटलं, पाय दुखतोय. दुखत नव्हता.

रविवार, २ फेब्रुवारी

मयुरीचा फोन. स्पीकर बंद करून घेतला.

"आई, तू म्हणत होतीस तेच करतेय. वकिलाशी बोलले. तुझा गुडघाही आता बरा आहे, तर त्याला चाळीसगावला जायला सांग. मला नाही जमणार. तूच सांग."

म्हटलं, मी नाही सांगणार.

"इतकी वर्षं तूच तर –"

तू इथे ये, म्हटलं. त्याच्यासमोर बस आणि बोल. आणि तोवर तो माझ्याकडे राहील. फोन ठेवला.

तो स्वयंपाकघरातून भरताचं ताट घेऊन आला. "मयुरीचा होता ना? काय म्हणाली, अक्का?"

माझ्याच्याने ताटाकडेही बघवेना.

"भूपेंद्र," म्हटलं, "बस इथे. आधी तू जेवून घे."