काळ्या झेंड्यांना न जुमानता

२ जानेवारी
ठरलं. उद्यापासून रेसिंग स्कूल. चार शनिवार सराव, मग परीक्षा, मग रेसिंगचं लायसन्स. सत्तेचाळिसाव्या वर्षी लोक गुडघ्याला लावायचं तेल शोधतात. मी वेग शोधतोय.

बायकोला सांगितलं. कनकवल्ली म्हणाली, "अहो, आपली पीठ वाटायच्या ग्राइंडरची फॅक्टरी आहे. गरगर फिरायचंच असेल तर तिथे बसा की."
हिला वेगातलं काही कळत नाही.

कारण नोंदवून ठेवतो. चुलतभाऊ नल्लसिवम. त्याचीही ग्राइंडरचीच फॅक्टरी. दिवाळीच्या जेवणात भर पंगतीत म्हणाला, "चेन्नियप्पा, तुझ्या गाडीला परवा एका म्हशीने ओव्हरटेक केलं म्हणे." सगळे हसले. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की रेसिंगचं लायसन्स काढून दाखवीन. नाही मिळालं तर कुलदेवतेच्या उत्सवात मानाचा पहिला फेटा त्याला. आजोबांनंतर तो फेटा थोरल्या पातीकडे, म्हणजे आमच्या घरात आहे. पण काळजीचं कारणच नाही.

३ जानेवारी, दुपार
सकाळी वर्गात झेंड्यांचा तास. पिवळा, निळा, लाल, अमुक, तमुक. अरे, मी कोइम्बतूरचा माणूस, मोटार रेसिंगच्या गावचा! आमच्याकडे पाळण्यातलं पोरसुद्धा तिसऱ्या गिअरमध्ये रडतं. मला काय शिकवणार? मागच्या बाकावर डोळे मिटून चिंतन केलं. शेजारच्या मुलाने घोरण्याबद्दल तक्रार केली. हल्लीच्या पोरांत एकाग्रता नाही.

रेसच्या गाडीत आत लोखंडी पिंजरा असतो. त्यातून शिरताना पोटाशी अडलो. दोघांनी मागून ढकललं. गाडी लहान बनवली आहे. सरळसरळ उत्पादनातला दोष.

शिकवायला अन्बरसी नावाची किडकिडीत पोरगी. मनात म्हटलं, हिला सांभाळून घेऊ. तिने मला शेजारी बसवून दोन चकरा मारून दाखवल्या. घरी आल्यावर जेवलो नाही. सकाळच्या इडल्या शिळ्या असाव्यात.

१० जानेवारी
आज मी चालवली, अन्बरसी शेजारी. तिने बराच वेळ डोळे मिटून घेतले होते. एवढ्या लवकर एवढा विश्वास! मधूनमधून "सर, ब्रेक, सर, ब्रेक" म्हणत होती. बहुतेक बोलायची लकब.
उतरल्यावर म्हणाली, "सर, तुम्ही गाडी वळवत नाही, तिची समजूत घालता."
माझ्यातला हळवेपणा तिने बरोबर ओळखला.

उद्यापासून भात बंद.

११ जानेवारी
रविवार. डाळभात. रविवार धरायचा नसतो.

१७ जानेवारी
आज गाडीत एकटाच. काय सांगू! प्रत्येक वळणावर माणसं निळे झेंडे हलवून स्वागताला उभी. मीही हात हलवला. एका वळणावर भावना अनावर झाल्या, दोन्ही हात हलवले. मागे गाड्यांची ही लांब रांग. मिरवणुकीत पुढारी पुढेच असतो.

थांबल्यावर अन्बरसीने विचारलं, "सर, निळा झेंडा म्हणजे काय?"
"आदर," मी म्हणालो.
मग म्हणाली, "मागून वेगवान गाडी येतेय, तिला वाट द्या, असा अर्थ असतो. आणि ऐका, काळा झेंडा दाखवला ना, तर..."
तेवढ्यात सेलमच्या डीलरचा फोन आला. धंदा आधी.

२४ जानेवारी
एका वळणावर रस्ता माझ्याआधी वळला. गवतातून फेरफटका. गवत छान राखलंय.

फॅक्टरीतला फोरमन कदिरवेल याने फ्लेक्स छापून आणला. मी, हेल्मेट काखेत, मागे वाघ. वर 'कोइम्बतूरचं वादळ, रेसिंग लायसन्सबद्दल हार्दिक अभिनंदन.' कनकवल्ली म्हणाली, "परीक्षा तरी होऊ द्या." हिला समजावलं की पुढे लग्नसराई, तेव्हा फ्लेक्सवाल्याला सवड नसते. चौकात लावला. वाघ माझ्यापेक्षा बारीक आलाय.

३१ जानेवारी, दुपार
परीक्षा झाली. डोकं अजून भणभणतंय, तरी लिहितो.

फॅक्टरीची माणसं बस भरून आली होती, हलगीसकट. नल्लसिवमही आला, कडक इस्त्रीची पांढरी लुंगी आणि दुर्बीण. बघू दे म्हटलं.

सुरुवात झकास. एका वळणावर कडेचा दगड जरासा चाटून गेला, पण गाडीतून अशा ठिणग्या उडायला लागल्या की पब्लिक उठून उभी राहिली. कदिरवेल तर दोन्ही हात डोक्यावर घेऊन नाचत होता. आणि पुढे बघतो तर काय, काळा झेंडा! मंत्री गावात आला की विरोधक दाखवतात तोच. शेजारी पाटीवर माझ्याच गाडीचा नंबर. वैयक्तिक हल्ला! नल्लसिवम इतक्या खालच्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं.

मी झुकलो नाही. पुढच्या फेरीत पुन्हा काळा झेंडा. मी वेग वाढवला. मग सगळीकडे लाल झेंडे. आता लाल पक्षवालेही त्याला सामील! तरी थांबलो नाही. बघता बघता सगळे मागे पडले, ट्रॅकवर मी एकटाच उरलो. आयुष्यात असा विजय अनुभवला नव्हता.

मग गाडी आपणहून गिरकी घेऊन टायरच्या भिंतीला टेकली.

३१ जानेवारी, संध्याकाळ
खुलासा झाला. पुढचा बंपर अर्धा निखळून रस्त्यावर घासत होता. काळा झेंडा म्हणजे 'मुकाट्याने आत या.' लाल म्हणजे 'सगळ्यांनी थांबा.' सगळे थांबले होते.

सगळ्यात आधी धावत आला तो नल्लसिवम. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, दुर्बीण कुठेतरी पडलेली. पिंजऱ्यात हात घालून मला काखांना धरून ओढत होता आणि ओरडत होता, "चेन्नियप्पा, लागलं का रे? बोल ना!"
मी म्हणालो, "काळे झेंडे तूच लावलेस ना?"
तो मटकन टायरवर बसला. "मला इथे प्यायला पाणी मिळेना, झेंडे कुठून आणू, गाढवा?"

लायसन्स नाही. अन्बरसी हळू आवाजात म्हणाली, "सर, हौस म्हणून टेनिकॉइट खेळा, ते रबरी रिंग झेलायचं."

१ फेब्रुवारी
फ्लेक्स उतरवायला पहाटेच माणूस पाठवला. गर्दी आधीच जमली होती.

८ फेब्रुवारी
उत्सव. मानाचा फेटा नल्लसिवमच्या डोक्यावर. पुजाऱ्याने बांधला तेव्हा तो माझ्याकडे बघेना. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या. फेटा त्याला सैल होतो.

१४ फेब्रुवारी
स्कूलमधून फोन! माझ्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण नव्या तुकडीला दाखवायचंय, परवानगी द्याल का? बघायलाही या. म्हणजे मी अभ्यासक्रमात! लायसन्स काय, कोणीही काढतं. रेशमी लुंगी इस्त्रीला दिली. नंतर चार शब्द बोलावे लागतील, भाषण पाठ करतोय.

२१ फेब्रुवारी
कनकवल्लीला घेऊन गेलो. वर्ग गच्च भरलेला. फळ्यावर विषय: झेंडे.

कॅमेऱ्याला आवाजही ऐकू येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी गाडीत स्वतःचीच कॉमेंट्री करत होतो. "आणि चेन्नियप्पन पुढे! चेन्नियप्पनला रोखणार कोण!" मग निळ्या झेंड्याला "नमस्कार, नमस्कार." मग "काळ्या झेंड्यांना हा वाघ भीक घालत नाही!" मग गिरकी, आणि बारीक आवाजात, "अम्मा! कनका! अम्मा!"

पोरं बाकांवर लोळत होती. अन्बरसी भिंतीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. कनकवल्ली तेवढी हसली नाही. माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "अहो, चला घरी."

भाषण झालं नाही.

दारात एक मुलगी धावत आली. शाळा नुकतीच संपवलेली असेल. म्हणाली, "अंकल, थँक्यू हं. मला ट्रॅकवर जायची फार भीती वाटत होती. तुम्हाला बघितलं आणि गेली."

घरी येईपर्यंत यातून स्तुती काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही.