तिसऱ्या पत्राचा नियम

४ मार्च, मंगळवार

आज बँकेत जाऊन आलो. काळजीचं काही नाही. हे वाक्य उतरताना जिन्यात तीनदा म्हटलं, म्हणून आधी लिहून टाकतो.

घरकर्जाचं बघणाऱ्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझा क्रेडिट रिपोर्ट. सगळ्या ओळी हिरव्या, एक लाल. लाल ओळीत एका वसुली एजन्सीचं नाव आणि पुढे अठरा हजार चारशे. जिमची थकबाकी म्हणे. सुदैवाने बायको तेव्हाच झेरॉक्स काढायला खाली गेली होती. मुलीला म्हटलं, टायपिंगची चूक असणार. ती म्हणाली, असेल सर, पण ही ओळ निघाल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नाही. ३१ तारखेपर्यंत मंजुरीपत्र मिळालं नाही तर फ्लॅट दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार. इकडे घरमालकाने एप्रिलअखेर खोल्या रिकाम्या मागितल्यात.

ही परत आली तेव्हा मी स्क्रीनच्या आडवा उभा राहिलो. तिने विचारलं, उभे का? म्हटलं, पाठ अवघडलीय.

त्या फ्लॅटमध्ये पूर्वेला एक चिमुकली खोली आहे. टेबल, खुर्ची आणि मी, एवढं बरोब्बर मावतं. टेप घेऊन मोजलंय.

हात गार पडले होते. एसी फार होता तिथे.

५ मार्च, बुधवार

खणात एजन्सीची दोन पाकिटं सापडली. न फोडलेली. विसरलो नव्हतो, नियमाने ठेवली होती. गिझर कंपनीच्या तक्रार विभागात एकोणीस वर्षं काढलीत, काही उगाच नाही. पहिलं पत्र गिऱ्हाईक रागाने लिहितं, दुसरं हट्टाने. तिसरं आलं तरच गिझर खरोखर बिघडलेला असतो. म्हणून आमच्याकडे उत्तर तिसऱ्या पत्राला. दहातल्या आठांचं तिसरं येतच नाही. लोक गार पाण्याची सवय करून घेतात.

आज नियम मोडून पाकिटं फोडली. पहिल्यातच लिहिलंय की ८ फेब्रुवारीपासून तीस दिवसांत हरकत घेतली नाही, तर रक्कम मान्य आहे असं धरू. म्हणजे १० मार्च. तोंडचं पाणी पळालं. दोन ग्लास प्यालो, तेही पळालं.

मग आठवलं, माझ्याकडे पावती आहे! जिम सोडली तेव्हा मॅनेजरकडून लिहून घेतलं होतं, सभासदत्व रद्द, येणं काही नाही, सही, शिक्का, तारीख. शिक्क्याशिवाय मी कुणाचं गुड मॉर्निंगसुद्धा खरं धरत नाही. पावती जोडायची, हरकत पाठवायची, खेळ खलास.

प्लॅन: उद्या सकाळी पावती. उद्या दुपारी पोस्ट.

५ मार्च, संध्याकाळी

एक बारीकशी अडचण. पावतीवरची तारीख.

तीन वर्षांपूर्वी जिम लावली १ जूनला. सोडली ५ जूनला. हिच्या समजुतीप्रमाणे मी डिसेंबरपर्यंत जात होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि फी हिने स्वतःच्या बोनसमधून भरली होती. सहा महिने रोज पहाटे बॅग खांद्याला लावून निघायचो, पोस्टाच्या मागच्या बाकावर पेपर वाचायचो आणि येताना घाम म्हणून नळाखाली डोकं धरायचो. ही लिंबूसरबत घेऊन दारात उभी असायची.

ही रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. बाटलीवर तारीख नसेल तर ती बाटली सरळ फेकून देते. तिच्या हाती ती पावती पडता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पावती जिमच्या बुटांच्या खोक्यात. खोकं माळ्यावर.

६ मार्च, गुरुवार, सकाळी ७.१०

ही आंघोळीला गेल्यावर माळ्यावर चढलो. खोकं मिळालं. रिकामं. ना पावती, ना बूट.

उतरताना स्टूल पडता पडता राहिलं. स्टूल जुनं आहे.

बूट कुठे गेले हे फक्त हिला माहीत. चहा पिता पिता अगदी सहज विषय काढला. ती म्हणाली, भाच्याला देऊन दोन वर्षं झाली, तुम्हाला आज कसे आठवले? म्हटलं, उगीच. खोक्यात अजून काही होतं का गं? तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, काय असायला हवं होतं?

म्हटलं, कागद. म्हणजे तो पातळ कागद, बुटांना गुंडाळतात तो.

ती म्हणाली, असं होय. आणि डबा भरायला उठली.

छान निभावलं. संशयसुद्धा आला नाही.

७ मार्च, शुक्रवार

ऑफिसच्या नंबरावर एजन्सीचा फोन. बाईचा आवाज, गोड. माझं नाव घेऊन आहेत का विचारलं. म्हटलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ती म्हणाली, कधी मोकळे होतील? म्हटलं, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. सवयीने निघून गेलं. ती म्हणाली, आमची तक्रार नाहीये सर, वसुली आहे.

सर म्हणाली. ओळखलं वाटतं.

दुपारभर फोन वाजला की शेजारच्याला उचलायला लावला. तक्रार विभागात फोन दिवसाला दीडशे वेळा वाजतो.

९ मार्च, रविवार

अकराला बेल. लांब, दोनदा. ही भाजी आणायला गेलेली. दाराच्या लेन्समधून पाहिलं तर जाडजूड माणूस, तोंड जिन्याकडे, बगलेत फाइल. पाचावर धारण बसली. बाथरूममध्ये गेलो, कडी लावली, नळ सोडला. वीस मिनिटं बादलीवर बसून होतो. बाहेर बेल, मग खटखट, मग किल्लीचा आवाज. आत आले! आता टीव्ही उचलणार, मग फ्रिज, मग मला.

ही आली होती. सोबत घरमालक. पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घ्यायला आला होता, फाइलमध्ये पडद्यांचे नमुने. तो मला म्हणाला, आंघोळ उशिरा करता वाटतं. ही म्हणाली, सकाळीच झालीय त्यांची.

कुणाला सांगू नये, पण इथे लिहितो. मला भीती वाटते. एजन्सीची वाटते, तिची त्याहून जास्त वाटते. लिंबूसरबताचा तो ग्लास डोळ्यांपुढून हलत नाही.

१० मार्च, सोमवार

हरकतीची शेवटची तारीख.

सकाळी ठरवलं, पावतीचं नंतर बघू, हरकत तर पाठवू. ऑफिसात मसुदा केला. पहिला फार नम्र झाला. दुसरा फार कडक, वाचून मीच घाबरलो. तिसऱ्यात 'सोबत पावती जोडली आहे' हे वाक्य आलं आणि तिथेच अडलो. चौथा उत्तम जमला. सव्वापाच वाजले होते. पोस्ट पाचला बंद.

तसं बघितलं तर तिसरं पत्र अजून आलेलंच नाही. मग मुदत कसली? गंभीर असते तर तिसरं पाठवलं असतं.

११ मार्च, मंगळवार

गोड आवाज पुन्हा. या वेळी माझ्या मोबाइलवर. ही समोर बसून भाजी निवडत होती. बाल्कनीत पळालो आणि दार ओढून घेतलं. बाई म्हणाल्या, घाबरू नका सर. म्हटलं, कोण घाबरतंय? हळू बोला. बाई म्हणाल्या, सुरुवात म्हणून जमेल तेवढं भरा, मग रोज फोन येणार नाहीत. काचेतून पाहिलं, ही सुरी थांबवून माझ्याकडेच बघत होती. तिथल्या तिथे मोबाइलवरून एक हजार पाठवले.

बाई म्हणाल्या, थँक यू सर, रक्कम मान्य केल्याबद्दल.

शब्द जरा खटकला. पण आभारच ते.

१२ मार्च, बुधवार

फोन नाही. एक हजारात अठरा हजाराचं प्रकरण मिटवलं. वाटाघाटीला डोकं लागतं. संध्याकाळी टेबलांच्या दुकानात डोकावलो. पूर्वेच्या खोलीत बसेल असं एक आहे, खण दोन.

१७ मार्च, सोमवार

बँकेतल्या मुलीचा फोन. नवा रिपोर्ट आला. लाल ओळ तिथेच, आणि शेजारी नवीन शेरा, कर्जदाराने मान्य करून अंशतः भरलं. म्हणाली, सर, आधी नुसती एजन्सीची नोंद होती, एखाद्या कागदावर काढता आली असती. आता तुम्हीच मान्य केलंय. म्हटलं, मी फक्त शांतता मान्य केली होती. ती म्हणाली, तसा कॉलम नसतो सर.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, मॅडमनाही कळवलंय, त्या सहअर्जदार आहेत ना.

फोन ठेवल्यावरही रिसीव्हर धरून बसलो होतो. साहेबांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? म्हटलं, नोंदवून घेतो.

१८ मार्च, मंगळवार

काल रात्रीपासून ही एक अक्षर बोललेली नाही. जेवण वेळेवर. डबा वेळेवर. डब्याचं झाकण बेताबेताने उघडलं. आत नेहमीचंच होतं.

बोलली असती तर बरं झालं असतं. आरडाओरडा केला असता तर फारच बरं. उत्तर न आलेलं गिऱ्हाईक कसं बसत असेल, हा विचार एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आला. लगेच झटकला.

ठराव: उद्या आपण होऊन सगळं सांगायचं. शब्द निवडून.

१९ मार्च, बुधवार

उद्या.

२० मार्च, गुरुवार

चहाबरोबर तिने टेबलावर प्लॅस्टिकच्या कव्हरमधला एक कागद ठेवला. पावती. सही, शिक्का, ५ जून.

बूट भाच्याला द्यायला काढले तेव्हाच सापडली होती. दोन वर्षं तिच्या फाइलमध्ये होती. म्हणाली, मला राग चार दिवसांत सोडल्याचा नव्हता. सहा महिने सरबत केलं त्याचा होता. वाटलं, आज ना उद्या सांगतील. एजन्सीचं मला काय ठाऊक? पण त्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला, खोक्यात काय असायला हवं होतं म्हणून.

मी बोटांवर मोजलं. सहा तारीख होती ती. चार दिवस हातात होते.

ती म्हणाली, पातळ कागद म्हणालात.

२१ मार्च, शुक्रवार

तिने एजन्सीला फोन लावला, स्पीकरवर. अकरा मिनिटं. दरडावली नाही की रडली नाही, नुसत्या तारखा विचारल्या. गोड बाई म्हणाल्या, मॅडम, हा कागद दहा तारखेच्या आत आला असता तर एका दिवसात नोंद काढली असती. आता सरांनीच मान्य केल्यावर पूर्ण भरून घेणं एवढंच आमच्या हातात. आणि भरलं तरी नोंद काही वर्षं दिसणार.

म्हणजे जे देणं लागत नव्हतो, ते मी भीतीपोटी स्वतःच्या नावावर लावून घेतलं. हे माझं वाक्य नाही, तिचं आहे. पण लिहून ठेवतो, नेमकं आहे.

बाकीचे सतरा हजार चारशे भरले. टेबलासाठी साठवलेले त्यात गेले.

३१ मार्च, सोमवार

कर्ज मंजूर झालं. एकटीच्या नावावर, एकटीच्या पगारावर. त्यामुळे तो फ्लॅट गेला, त्याच इमारतीतला लहान घेतला. त्याला पूर्वेची खोली नाही. खरं तर पूर्वच नाही, समोर जिना आहे.

ही तासभर सह्या करत होती. मी बाहेर पाहुण्यांच्या खुर्चीत दोघांच्या पिशव्या सांभाळत बसलो. बँकेतल्या मुलीने पाणी आणून दिलं. म्हणाली, सर, तुम्हाला कुठेच सही करायची नाहीये, निवांत बसा.

१९ एप्रिल, शनिवार

सामान आलं. स्वयंपाकघरातल्या खोक्यांवर बसून चहा घेतला. दारावर पाटी लागलीय, तिच्या नावाची. माझं नाव खाली मावलं असतं. मोजलं.

नवे ठराव करायचे होते. एक, प्रत्येक पाकीट त्याच दिवशी फोडणे. दोन, पहाटे खरंच चालायला जाणे. मनात लिहीत असतानाच ही पर्समधून कुलपाची दुसरी किल्ली घेऊन आली. सोबत एक कागद, दोन प्रतींत, तिच्या अक्षरात. मुख्य दाराची एक किल्ली मिळाली, एवढंच. खाली सहीला जागा.

म्हटलं, अगं, घरातल्या घरात याची काय गरज?

ती म्हणाली, मागच्या वेळी तुमच्या शब्दावर विसंबले होते, या वेळी तुमच्या पद्धतीने करू. आणि एक सांगून ठेवते. माझं तिसरं पत्र येत नसतं.

हसेल म्हणून वाट पाहिली. हसली नाही. पेन पुढे केलं.

दोन्ही प्रतींवर सही केली. तारीख घातली. तिने ती दोनदा वाचली, आणि मग किल्ली दिली.