माध्यम चिनी

वडीगोद्री
रविवार, ता. ८ जुलै २००७

चि. उषास,
नानाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. कपाशी चार पानांवर आली आहे. तुझ्या आईचा गुडघा ओल्या हवेने धरतो, तरी ती परवा खुरपायला गेलीच. मी नको म्हटलं तर म्हणाली, ‘तुम्ही घरी बसून घोर करा, मी खुरपते.’ शरयूचा खोकला गेला. उरलेलं औषध वरच्या फळीवर झाकण घट्ट लावून ठेवलं आहे. तुमच्या गडचिरोलीकडे मलेरिया फार असं रेडिओवर सांगत होते. नर्सला तो होत नाही असं समजू नकोस. मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचत जा आणि दाराची कडी लावली की एकदा ओढून बघत जा.

शरयू काल शाळेत गेली. उद्याही जाणार आहे.

तू म्हणशील, ही काय लिहायची गोष्ट? लिहायची आहे, कारण त्याआधी दहा दिवस ती गेली नव्हती. तू फोनवर दोनदा विचारलंस, ‘नाना, शाळा बुडत नाही ना?’ आणि मी दोन्ही वेळा ‘बिलकुल न्हाई’ म्हणालो. ते खोटं होतं. तुझ्या जिवाला घोर लागू नये म्हणून शेवट आधीच सांगतो. तिचं नाव हजेरीत आहे. कापलेलं नाही. मी काल मोठ्या बाईंकडून पटावर बोट ठेवून बघून घेतलं, सत्तावीस नंबर. आता पुढचं सावकाश वाच.

जावईबापू गेल्यावर तू एकटीने नोकरी धरलीस आणि लेक आमच्या भरवशावर ठेवलीस. जाताना तू एकच सांगितलंस, शाळा बुडली तर मी तिला घेऊन जाईन आणि वसतिगृहात घालीन. ते मी एक दिवस विसरलो नाही. तरी शाळा बुडवली ती मीच.

झालं असं. शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात शरयूने एक कागद आणला. पालकांना सूचना. मी वाचन कसं करतो ते तुला ठाऊक आहे, एकेका अक्षराखाली बोट धरून. वर ‘इयत्ता चौथी’. खाली एका ओळीत ‘कला’, आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘माध्यम चिनी’. मी चारदा वाचलं. शाळेचं माध्यम चिनी झालं! मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम असतं तसं चिनी माध्यम. गणित चिनीत, इतिहास चिनीत.

मी तो कागद घेऊन हायवेवर भिवाच्या हॉटेलात गेलो. भिवा चहा गाळत होता. त्याने कागद लांब धरून पाह्यला आणि म्हणाला, ‘लिवलंय म्हंजी खरंच असंल. जालन्याच्या कारखान्यात मशिनी चिनी, पोरांची खेळणी चिनी. आता शाळाच राह्यली होती.’ भिवा माझ्याहून एक इयत्ता कमी शिकला आहे, हे माझ्या त्या वेळी ध्यानात आलं नाही.

घरी आलो तर शरयू आरशासमोर उभी राहून ‘मा, मा’ करत होती. कधी वर ओढून, कधी खाली पाडून.

‘काय करून राह्यली गं?’

‘आजोबा, चिनीत असं ‘मा’ म्हटलं तर आई, अन् असं म्हटलं तर घोडा. सूर चुकला की आईचा घोडा होतो.’

तिची आजी हसून हसून खाली बसली. मी विचारलं, ‘रोज असंच असतं का?’ ती म्हणाली, ‘न्हाई, शनिवारीच. एक तास.’ तिने खरं सांगितलं होतं. पण एक तास या शब्दानेच मी जास्त भ्यालो. का भ्यालो ते पुढे येईल.

तुझी आई म्हणाली, ‘जाऊन मोठ्या बाईंना विचारा तरी. अन् चिन्यांनी वडीगोद्री घेऊन करायचं काय?’ मी विचारायला गेलो नाही. विचारलं की आपण किती शिकलो ते समोरच्याला कळतं. मी सरळ दाखला मागायला गेलो. म्हटलं, नाव काढून अंबडच्या मराठी शाळेत घालू, एसटीने मी सोबत जाईन-येईन. मोठ्या बाई आठ-दहा दिवस ट्रेनिंगला गेल्या होत्या. मुकुंद कारकुनाने काय काय लागतं ते सांगितलं. ते सगळं जमवून मी अर्ज दिला आणि पोरीला घरी बसवलं.

म्हटलं, तोवर आपण शिकवू. तिने विचारलं, ‘आजोबा, तुम्ही किती शिकलेत?’ मी म्हणालो, ‘पाचवी.’ ‘मंग तुम्हाला चौथीचं सगळंच येत असंल!’ मी तिला पाढे म्हणून दाखवायला लागलो. दो एकम दो, दो दूनी चार. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. ‘आजोबा, तुम्ही हे कोणते पाढे म्हणून राह्यले?’

उषा, लहानपणी तूही विचारायचीस, नाना, तुम्ही शाळा का सोडली? मी सांगायचो, गुरं राखायला कुणी नव्हतं. तसं नव्हतं. घरी दोन गडी होते.

मी तालुक्याला उर्दू पाचवीत होतो. निजामाचं राज्य, तेव्हा आमच्या शाळेत सगळं उर्दूतच. हिशेब, भूगोल, इतिहास, सगळं. मराठी तेवढी आजोळी भजनाच्या वहीवरून वाचायला शिकलो होतो, तुटक. वर्गात मी पहिला होतो, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मग पोलीस ॲक्शन झालं, राज्य गेलं. सगळे खूश, आमच्या घरीही गोडधोड झालं, आणि ते बरोबरच होतं. शाळेत नवे गुरुजी आले. म्हणाले, आता रोज एक तास मराठीचा. दिवाळीनंतर म्हणाले, आजपासून माध्यम मराठी. ‘माध्यम’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला मराठीत भागाकाराला काय म्हणतात ते येईना. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी मला तिसरीत बसवलं, की थोडे दिवस बस, जमेल. मी तेरा वर्षांचा, ओठावर लव आलेली, आणि शेजारी आठ वर्षांची पोरं. ती मला उर्दूच्या पहिल्या अक्षरावरून ‘अलीफ आला, अलीफ आला’ म्हणायची. पाच दिवस बसलो. सहाव्या दिवशी वडिलांना सांगितलं, मला गुरं राखायची आहेत.

त्यानंतर उर्दूही गेली आणि मराठीही धड आली नाही. दोन्हीकडून अर्धाच राहिलो. मला वाटलं, शरयूचं तेच होणार. एक तास, मग दिवाळी, मग माध्यम. पोर वर्गात दुसरी आहे गं.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिने गुरुजींची चौकशी केली नाही की राज्याची. म्हणाली, ‘अलीफ काढून दाखवा.’ मी पाटीवर एक उभी रेघ ओढली. ‘एवढंच?’ म्हणाली. ‘एवढ्यावरून चिडवत होते?’ मीही पहिल्यांदा त्याला हसलो.

काल शनिवारी मोठ्या बाई परत आल्याचं कळलं म्हणून दाखला आणायला गेलो. शरयूही मागे लागली, मैत्रिणींना भेटायचं म्हणून. मोठ्या बाईंनी, म्हणजे सुहासिनीबाईंनी, मला खुर्ची दिली.

‘आजोबा, दाखला काय, देईन मी. पण पोरीला का काढून राह्यले ते सांगा. कुणी मारलं? कुणी बोललं?’

‘न्हाई.’

‘मंग?’

मी घडी घातलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. ‘तुम्हीच लिहिलंय. माध्यम चिनी. माझ्या नातीचा भागाकार चिनीत व्हायला नको.’

त्यांनी कागद वाचला, परत वाचला, आणि दाराकडे पाहून हाक मारली, ‘मुकुंद! या कागदातले स्वल्पविराम कुठं गेले?’

मुकुंद आतूनच म्हणाला, ‘शाई कमी होती मॅडम. बारीक सारीक उठलं न्हाई.’

‘बारीक सारीक!’ बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. ‘आजोबा, हे तीन वेगळे वर्ग आहेत. कला म्हणजे चित्रं. माध्यम म्हणजे पेपर, रेडिओ, टीव्ही. पोरं गावातल्या बातम्या आणतात, फळ्यावर लिहितात, माईकवर वाचतात. आणि तिसरं चिनी. तिन्ही फक्त शनिवारी.’

‘मंग सरळ ‘बातम्या’ लिहायचं ना!’

‘तेच लिहायला पाह्यजे होतं,’ त्या म्हणाल्या.

‘आन् भूगोल?’

‘मराठीत.’

‘इतिहास?’

‘आजोबा, सगळं मराठीत. दिवाळीनंतर पण मराठीत.’ दिवाळीचं मी बोललो नव्हतो. शरयूने बाहेर उभ्या उभ्या सगळ्यांना सांगून टाकलं असणार.

मी कागदाची घडी घालायला लागलो, ती चारदा चुकली. भीती उतरली की माणसाला असं होतं, हे तू दवाखान्यात पाहत असशील. बाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, चला, वर्ग बघा, म्हणजे परत शंका नको.

चिनी शिकवायला सत्यशीलाबाई येतात. गिरिजाबाई पोस्टवालीची सून. तिच्या नवऱ्याला कंपनीने सहा वर्षं चीनला ठेवलं होतं, तिथे ती शिकली. फार साधी बाई आहे, पायात स्लीपर. पोरं जुन्या पेपरावर ब्रशने काळी अक्षरं काढत होती, म्हणजे चित्रकला आणि चिनी एकातच चाललं होतं. मी मागच्या बाकावर बसलो. बाईंनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्यात एक उभी आणि एक आडवी रेघ. ‘ओळखा.’

‘खिडकी!’ ‘कॅरम!’ ‘बिस्कीट!’

मी न विचारता बोलून गेलो, ‘शेत हाये. मधी बांध घातलेलं, चार तुकडे.’

सत्यशीलाबाई वळल्या. ‘बराबर! आजोबा, तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘कुणी कशाला सांगायला पाह्यजे? शेतच हाये ते.’

तेवढ्यात आपली शरयू उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, ‘माझे आजोबा उर्दू पाचवी आहेत!’ साठ वर्षं जे मी लपवलं ते तिने वर्गात ओरडून सांगितलं, आणि कुणी हसलं नाही. शाळा सुटेपर्यंत माध्यमाच्या पोरांनी बाहेरच्या फळ्यावर बातमी लावली होती. पावसाची बातमी वर, माझी खाली. मी ती बोट न धरता वाचली.

घरी आल्यावर तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘दहा दिवस पोर घरी, अन् एका स्वल्पविरामापायी!’ मग पुरणाला डाळ भिजत घातली.

इथे पत्र संपवावं असं फार वाटतं. सकाळपासून दोनदा संपवलं होतं. पण एक राहिलं आहे.

मुकुंदने सांगितलं होतं, दाखल्याच्या अर्जावर आईची सही लागते, आजोबाची चालत न्हाई. मी घरी येऊन तुझं मार्चमधलं पत्र काढलं आणि खालची सही पाहून पाहून अर्जावर तुझं नाव काढलं. उषा, तुझी सही मी केली.

वर्ग सुटल्यावर सुहासिनीबाईंनी मला परत खोलीत नेलं, दार लोटलं आणि अर्ज पुढे ठेवला. ‘ही सही उषाताईंची न्हाई.’ त्यांनी प्रवेशाचा अर्ज शेजारी ठेवला. ‘प्रवेशाच्या अर्जावर त्यांच्या नावातला उ ऱ्हस्व आहे. इथं दीर्घ आहे.’ समोर पत्र ठेवून काढली तरी हाताने आपलंच केलं. नाव मी ठेवलं आणि ते कसं लिहितात हे मला काल कळलं. त्या म्हणाल्या, ‘हे घरी नेऊन फाडून टाका. मी पाह्यलंच न्हाई असं समजते.’

मी फाडलं नाही. शाळेने सोडून दिलं ते शाळेचं. सही तुझी होती. अर्ज या पाकिटात घातला आहे, तो तू फाड. शरयूला इथे ठेवायचं की तिकडे न्यायचं, तेही तूच ठरव. नेणार असलीस तर मी स्वतः तिला घेऊन येईन, गाडीत डोळा लावणार नाही. ठेवणार असलीस तर यापुढे कोणताही कागद आला, मला कळला असं वाटलं तरी, आधी तुला फोनवर वाचून दाखवीन.

काल बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली. तुला सांगितल्याशिवाय ती झोप माझी नव्हती.

खाली सही माझी आहे.

तुझा नाना,
रखमाजी