आईचे बदाम

दादा,
प्रभूमध्ये सलाम.

चर्चला कुलूप लागल्यापासून आपली चार घरं तुझ्या लाइव्ह उपासनेवरच आहेत. प्रार्थना मनाला लागली की स्क्रीनवर बोट टेकवून लाल बदाम पाठवायचा, हे आईला मीच शिकवलं. एका प्रार्थनेला एकच बदाम, त्यापुढे तिचा हात कधी गेला नाही.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीतल्या तिच्या फोनमधून तुझा आवाज आला, "आईचे बदाम बघा, थांबतच नाहीयेत. पवित्र आत्मा उतरलाय तिच्यावर. कुणी अडवू नका तिला."

मी भांडी घासत राहिले.

उपासना संपल्यावर बाहेर आले, तर आई खुर्चीत कलंडलेली. अंगठा स्क्रीनवर अजून थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

त्या उपासनेची क्लिप तू आता साक्ष म्हणून सगळीकडे पाठवतोस. ती बघून दोन घरं प्रभूकडे वळली, म्हणे. काल फोनवर विचारलंस, "तू का गं बदाम पाठवत नाहीस?"

रेंज नसते, मी म्हणाले.

खरं सांगितलं, तर त्या दोन घरांना तू काय सांगशील?

तुझी धाकटी