लातुरातलं वर्षावन

१ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. वाचायची लायकी असलेला माणूस मला या घरात आणि ऑफिसात अजून भेटायचाय.

मान धरलीय. डॉक्टर म्हणाले, रेणुकादासजी, बैठं काम, बीपी वाढलंय, टेबल सोडून दुसऱ्या कशात तरी मन रमवा, सकाळी फिरा. फिरणार नाही. सकाळी फिरणारे लोक मी रोज खिडकीतून बघतो. पोटं तीच, बूट तेवढे नवे.

निर्णय झाला. गच्चीवर ट्रॉपिकल गार्डन. व्हिडिओत एक गृहस्थ मोठमोठी पानं पुसत पुसत सांगत होते, हिरवं नुसतं बघितलं तरी डोक्यावरचा ताण उतरतो. गृहस्थ सिंगापूरचे. चेहऱ्यावर ताण अजिबात नव्हता.

विमलला सांगितलं. ती शाळेचे पेपर तपासत होती. म्हणाली, "लातुरात?" मी म्हणालो, का? म्हणाली, "काही नाही," आणि पुढचा पेपर घेतला. मास्तरकीने कल्पनाशक्ती मरते ती अशी.

५ मार्च
नर्सरीत गेलो. मॉन्स्टेरा, अरेका पाम, अँथुरियम, फिलोडेंड्रॉन, फर्न. नर्सरीवाला म्हणाला, साहेब, अशी चॉइस लातुरात दुसऱ्या कोणाची नाही. माणूस कमी शिकलेला, पण नजर आहे.

विमलचा कडीपत्ता, कोरफड आणि तेलाच्या डब्यातली तुळस जिन्यात हलवली. कॉन्सेप्टमध्ये बसत नव्हती.

८ मार्च, रविवार
शेजारचा केरबा कठड्यावरून डोकावला. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली, रिटायर झाला, आता दिवसभर दुसऱ्यांच्या गच्च्या बघतो. विचारलं, "भाऊ, हे काय लावून राहिलात?" मॉन्स्टेरा, म्हणालो. तो म्हणाला, "पानाला भोकं हायत की. कीड लागली काय?" मी सांगितलं, जातच तशी आहे, भोकांमुळेच किंमत येते. बराच वेळ विचार करून म्हणाला, "घेतानाच बघून घ्यायचं होतं."

या माणसाशी पुन्हा वनस्पतींविषयी बोलायचं नाही.

१७ मार्च
ऑफिस. माझ्या टेबलावरचं तिमाही विवरणपत्र बुद्धप्रियाला करायला दिलं. दोन वर्षं झाली तिला लागून, शिकायला मिळावं म्हणून मुद्दाम देतो. तेवढ्या वेळात मी दमट हवेवर एक लेख वाचला. नवीन पिढीला शिकवायला कोणी तयार नसतं. मी असतो.

मान तशीच आहे. सुधारणा आतून चालू असावी.

२९ मार्च, रविवार
पानांच्या कडा तपकिरी होऊन राहिल्यात. कारण सापडलं: ट्रॉपिकल झाडांना धुकं लागतं आणि लातुरात ते नाही. हा गावाचा दोष, माझा नाही. फॉगर मागवला. बारीक नळ्या, तोंडाला नोझल, बटण दाबलं की धुकं.

विमल म्हणाली, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, बोअर आटत आलाय, आणि तुम्ही धुकं करणार. मी म्हणालो, धुक्याला पाणी फार लागत नाही, ते हवेतच असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

५ एप्रिल, रविवार
फॉगर सुरू. गच्चीवर साक्षात केरळ. खुर्ची टाकून बसलो. चष्म्यावर पाणी बसलं, त्यामुळे झाडं दिसली नाहीत, पण वातावरण जाणवलं.

तेवढ्यात केरबाची बायको नागाबाई कठड्याशी आली. त्यांच्या गच्चीवर साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. म्हणाली, "भाऊ, तुमच्या धुक्यानं माझ्या कुरडया वाळंना झाल्यात. लगदा झाला बघा." मी म्हणालो, बाई, निसर्गात थोडं सोसावं लागतं. ती म्हणाली, "निसर्ग न्हाई हो, तुमचा पाइप हाय."

पाइप फिरवला नाही. आज कुरडया, उद्या पापड. माघार घ्यायला सुरुवात केली की संपलं.

१० एप्रिल
मॉन्स्टेराच्या पानांवर पांढरे ठिपके. आधी घाबरलो, मग वाचलं की पांढऱ्या नक्षीच्या मॉन्स्टेराला परदेशात सोन्याचा भाव आहे. माझ्याकडे ती नक्षी आपोआप आली. फोटो काढून झाडांच्या ग्रुपवर टाकला. उदगीरच्या कोणा बाईने लिहिलं, हे बोअरच्या पाण्याचे क्षार आहेत, फडक्याने पुसून बघा.

ग्रुप सोडला. तिथली एकूण पातळीच कमी होती.

१४ एप्रिल
किल्लारीला विमलच्या भावाकडे वास्तुशांत. मी गेलो नाही. गार्डन सोडून जाता येत नाही, झाडं ही लहान मुलांसारखी असतात असं सांगितलं. विमल म्हणाली, "मनस्विनी लहान होती तेव्हाही तुम्ही कुठे येत नव्हतात. तेव्हा ऑफिस होतं." बोलायचं म्हणून बोलते.

दिवसभर पानं पुसली. पांढरी नक्षी निघून गेली. जरा जास्त पुसली गेली असेल.

१८ एप्रिल
मनस्विनीचा पुण्याहून फोन. तिच्या कंपनीतला मिहिर, त्याच्याशी तिचं जुळलंय हे घरात सगळ्यांना माहीत होतंच (मला नव्हतं). त्याचे आई-वडील पुढच्या रविवारी नांदेडहून बघायला, बोलायला येणार. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज, नॉर्मल ठेवा सगळं." म्हणजे काय ते कळलं नाही. या घरात नॉर्मल माणूस मी एकटाच आहे.

विमलने दोनच गोष्टी सांगितल्या. हॉलच्या छताला ओल आलीय, तेव्हा शुक्रवारपासून कुंड्यांना पाणी घालायचं नाही. आणि रविवारसाठी टाकी भरलेली ठेवायची. दोन्हीला हो म्हणालो.

माझ्या डोक्यात वेगळंच आहे. पाहुण्यांना हॉलमध्ये बसवून शंकरपाळे खायला घालणं कोणालाही जमतं. त्यांना वर न्यायचं. धुक्यात. मी चार शब्द बोलेन: टेबल, ताण, हिरवळ, जीवन. मुलीच्या घराण्याची उंची एका फटक्यात कळेल.

२५ एप्रिल
ऊन बेचाळीसवर. पानं माना टाकून बसलीत. अशा अवस्थेत व्याह्यांपुढे उभी करणार कशी? थोडंसं पाणी घातलं. मग सगळ्यांनाच घातलं. पानं तरारली. छताचं बघू.

२६ एप्रिल, रविवार
जसं झालं तसं लिहितो.

पाहुणे अकराला आले. मिहिरचे वडील भारतराव, बँकेतून रिटायर. आई राजकन्याबाई. माणसं साधी. फारच साधी. मी सकाळपासून फॉगर चालू ठेवला होता, वातावरण तयार होऊन राहावं म्हणून.

विमलने मुरमुऱ्यांची सुशीला दिली. भारतरावांनी पहिला घास घेतला आणि छताचा पोपडा सुटून थेट त्यांच्या ताटलीत पडला. मागोमाग दोन थेंब. भारतरावच म्हणाले, "आमच्याकडेही स्लॅबचा हाच ताप आहे." यावरून त्यांचं घर कसं असेल ते कळलं.

राजकन्याबाई हात धुवायला आत गेल्या आणि परत आल्या. नळाला पाणी नाही. टाकी रिकामी. विमलने माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात अशी नजर बघितली नव्हती. मनस्विनी खाली मान घालून बसली होती. कान लाल.

परिस्थिती हातात घेणं भाग होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, चला, तुम्हाला वर काहीतरी दाखवतो, मी पुढे होतो. वर गेलो. फॉगर अर्थातच बंद पडला होता. अरेकाच्या शेजारी उभा राहिलो, भाषण जुळवलं, वाट बघितली. बारा वाजले होते. गच्चीचं सिमेंट असं तापलं होतं की चपलेतून पाय भाजत होते. बराच वेळ थांबलो. त्यांना जिना सापडत नसेल असं वाटलं.

खाली आलो तर हॉलमध्ये केरबा बसलेला. विमलने हाक मारली म्हणून दोन घागरी घेऊन आला होता आणि मग बसूनच राहिला. भारतराव कॉलेजला असताना देगलूर-नांदेड गाडीने यायचे आणि ती गाडी केरबाची. पास विसरला की हा माणूस त्यांना म्हणे "बस पोरा, उद्या दाखव" म्हणायचा. भारतराव सांगत होते आणि डोळे पुसत होते. एका कंडक्टरसाठी. आत नागाबाई राजकन्याबाईंना चहा गाळून देत होती.

लग्न ठरलं होतं. पेढे वाटून झाले होते. ताटात एक उरला होता. विमल म्हणाली, "हाक मारली होती तुम्हाला. दोनदा." ऐकू आलं नाही.

पेढा खाल्ला. चांगला होता.

गाडीत बसताना राजकन्याबाईंनी विचारलं, "वरती काय दाखवणार होता हो?" गार्डन, म्हणालो. त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला नक्की." बाईला थोडी जाण आहे.

३ मे, रविवार
फर्न गेलं. फिलोडेंड्रॉन जाण्याच्या मार्गावर. अँथुरियम म्हणून जे होतं ते आता काय आहे सांगता येत नाही. या झाडांना ताण सहन होत नाही. परदेशी वस्तूंचं हेच असतं, दिखाऊ.

स्लॅब बघायला गवंडी आला. कुंड्या उतरवा म्हणाला. नाही म्हणालो. विमलने त्याला चहा दिला आणि दोघांनी मिळून कुंड्या उतरवल्या. मी आत पेपर वाचत होतो. विरोध मनातल्या मनात चालू होता.

रात्रीच्या जेवणात विमलला म्हणालो, मला विरंगुळा पाहिजे होता, त्यात तुला एवढं काय खुपलं. ती म्हणाली, "विरंगुळा असता तर काही नव्हतं. तुम्हाला झाडं नको होती, प्रेक्षक पाहिजे होते." मीठ मागितलं. विषय बदलावा लागतो कधी कधी.

८ मे
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, तिमाही, मासिक सगळी विवरणपत्रं बुद्धप्रियाच करते, तर ते टेबल तिच्याकडेच देतो, तुम्ही आवक-जावक बघा, तब्येतीला बरं. मी हसत मान्य केलं. मीच घडवलेली मुलगी. नवं टेबल कपाटामागे आहे. शांत. इथपर्यंत लोक येतच नाहीत.

बुद्धप्रिया म्हणाली, "सर, काही अडलं तर विचारते." अजून काही अडलेलं नाही.

१५ मे
विमलचे आणि मनस्विनीचे फोन चालूच असतात. कानावर आलं, परवा लग्नाच्या कपड्यांचा बस्ता बांधायला सगळे नांदेडला जाणार. मनस्विनी पुण्याहून येणार. जीप ठरवलीय. नागाबाई आणि केरबाही. नागाबाईला साड्यांतलं कळतं म्हणे.

मी विचारलं, किती वाजता निघायचं? विमलने फोन बाजूला ठेवला. म्हणाली, "गार्डन सोडून तुम्ही येत नाही ना कुठे. म्हणून तुम्हाला धरलं नाही. जीप भरली." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी म्हणालो, बरोबर आहे, कोणीतरी थांबायलाच पाहिजे.

१७ मे, रविवार. ऑफिस.
सकाळी सहाला जीप गेली. दारात उभा होतो. मनस्विनी म्हणाली, "बाबा, जेवण फ्रिजमध्ये आहे." पुढे केरबा बसला होता, ड्रायव्हरला रस्ता दाखवायला. लातूर-नांदेड रस्ता. जणू जंगलच.

अंगणात कुंड्यांना पाणी घातलं. नऊ कुंड्यांत काड्या आहेत, एकीत पान. जिन्यातला कडीपत्ता फुटलाय भरपूर, पण त्याचा माझ्याशी संबंध नाही. घर फार मोठं वाटायला लागलं. बाहेर पडलो, स्कूटर आपोआप इकडे आली.

वॉचमनने विचारलं, साहेब, सुट्टीचं? अर्जंट काम आहे, म्हणालो. त्याने कूलर लावून दिला. काम नाही. आवक-जावकचं रजिस्टर उघडून बसलोय, काही आलेलं नाही, काही गेलेलं नाही. पण बरं वाटतंय. फाइलींना ऊन लागत नाही. मान दुखत नाहीये, हे आत्ताच लक्षात आलं. म्हणजे गार्डनिंगचा फायदा झालाच, उशिरा झाला इतकंच. डॉक्टरांना सांगायला पाहिजे.

दुकानात एव्हाना शालू निघाले असतील. रंगाच्या बाबतीत विमल कच्ची आहे, भडक घेते. फोटो पाठवून विचारतील मला. राणी कलर नको म्हणून सांगायचं.

तीन वाजले. डबा आणला नव्हता. वॉचमनने भाकरी दिली.

चार. फोन आला नाही. रेंज नसेल.

फोन बंद करून चालू केला. रेंज आहे.