उजवी कळी तीनदा पडली

चि. श्रुतिका,

मामाचे पोटभर आशीर्वाद. आज सकाळपासून कानात आमची जुनी पत्र्याची शाळा वाजते आहे. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, मी हात वर केला की सगळी थांबायची, आणि त्यानंतरही एकच घोगरा आवाज पुढचं कडवं ओढत जायचा. तो चांगू. (आता आपल्या ग्रामदेवाचा गुरव आहे. केस पिकले, थांबणं अजून आलेलं नाही.) तू मुंबईच्या प्रयोगशाळेत वेळेवर जेवतेस, असं धरून चालतो. इकडे तुझी मंजुळामामी ठणठणीत आहे. माझ्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आला आहे. महाडच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, बोट फिरवलं, आणि मुंबईला जाऊन तुकडा काढून तपासून घ्या म्हणाले. त्याला पाच आठवडे झाले. मी गेलेलो नाही.

रागावण्याआधी माझी बाजू ऐक. गणपतीत ओसरीवर बसून तू जे सांगितलंस ते मी विसरलेलो नाही. पेशी दोन होण्याआधी आपल्या जनुकांची सगळी पोथी उतरून काढते, उतरताना चुका होतात, बहुतेक दुरुस्त होतात, काही राहतात. तंबाखू, धूर त्यांत भर घालतात. वर्षानुवर्षं साठत साठत एक दिवस ‘थांब’ सांगणारं पानच बिघडतं, आणि ती पेशी वाढतच सुटते. समाजमंदिरात मी हे गावाला चांगूचं उदाहरण देऊन समजावलं. (तो पहिल्या रांगेत होता. खूश झाला.) सुरी लागली की हा रोग पसरतो, ही समजूतही मीच खोडून काढली. अंगातले पहारेकरी त्या पेशीला आपलीच समजून सोडून देतात, आता तिचं सोंग उघडं पाडणारी औषधं आली आहेत. रक्ताच्या काही कॅन्सरांत तर रोग्याच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना वैरी ओळखायला शिकवून परत अंगात सोडतात, हे मी दोनदा सांगितलं. शिकवणं म्हणजे तरी दुसरं काय असतं गं! टाळ्या पडल्या. घरी आलो आणि गालाला जीभ लावून पाहिली. तपासलं नाही तोवर तो नुसता चट्टा आहे. त्याला नाव द्यायचं मला धाडस होईना.

मग मुंबईला जावं का, याचा मामीने देवाला कौल लावायचं ठरवलं. (मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. याविरुद्ध मी तीस वर्षं भाषणं केली आहेत.) खरं सांगतो, मी आनंदाने गेलो. देव नको म्हणेल आणि दोष त्याच्या माथी जाईल, ही आशा. चांगूचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. मी म्हटलं, वारा आहे. दार लावून घेतलं. उजवी. मी म्हटलं, एवढ्यावर निष्कर्ष काढत नाहीत, कळ्या बदला. बदलल्या. उजवी. चौथ्यांदा कौल मागितला तेव्हा चांगूने हात जोडले. “गुरुजी, देव हाय तो, तुमचा इद्यार्थी नाय. उत्तर बदलेल म्हणून किती येळा विचारणार?” मला हसू आलं नाही. देवळाच्या पायऱ्या उतरताना मामीने माझा हात धरला. एवढ्या संसारात गावासमोर तिने तो कधी धरलेला नाही. तिची बोटं गार पडली होती.

असो. दिवाळी होऊन जाऊ दे, मग बघू.

तुझा,
बापूमामा

ता. क. दिवाळीचं खोटं लिहिलं. पत्र लिहायला बसलो ते हे विचारायला: तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारशील का, गाल कापावा लागला तर माणसाला नंतर कविता म्हणता येते का? जेवणाचं मी बघून घेईन.

ता. क. आणखी एक. कविता शिकवताना मी मध्येच फळ्याकडे तोंड करून गप्प उभा राहायचो. गुरुजी गहिवरले म्हणून पोरं श्वास रोखायची. तुझी आई माझ्याच वर्गात होती. ती आठवण सांगताना ती शेवटपर्यंत डोळे पुसायची. मी तंबाखूची चिमूट लावत होतो. डाव्या गालात. हे गावात कुणाला सांगू नकोस. डॉक्टरांना सांग.

ता. क. दारात चांगू उभा आहे. इस्त्रीचा शर्ट, काखेत पिशवी. देवाची पूजा सोडून हा माणूस महाडच्या पलीकडे कधी गेलेला नाही. आज पूजा पुतण्यावर टाकून आलाय. “उठा गुरुजी, मुंबईच्या गाडीला वीर टेशनावर जायला रिक्षा खाली उभी हाय.” मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात पाहू. तो उंबऱ्यावर बसला आणि आमची ती शाळेतली कविता म्हणायला लागला. मी हात वर केला. तो थांबत नाही. आत मामी माझे कपडे पिशवीत भरते आहे. पत्र पाकिटात घालून खिशात ठेवतो. तिकीट लावत नाही.