माहेरघरात सासूला खाट मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, पळसबोडी,
ता. आरमोरी, जि. गडचिरोली

अर्जदार: सौ. कमळा लटारू भोयर, रा. टेकाटोला

विषय: अर्जदारास माहेरघरात पूर्वलक्षी प्रभावाने दाखल करून घेणेबाबत.
संदर्भ: सिस्टरबाईंचा तोंडी नकार, काल दुपारी, वरण वाढताना.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदाराचा आपल्या सुनेवर पोटच्या लेकीसारखा जीव असून सुनेस मिळणाऱ्या सोयींबद्दल तिच्या मनात तिळमात्र असूया नाही. तथापि सुनेस रोज अंडे मिळते.

दिवस भरत आल्याने सून आपल्या दवाखान्यालगतच्या माहेरघरात, म्हणजे नाल्यापलीकडच्या गरोदर बायांना बाळंतपणाआधी आणून ठेवतात त्या खोलीत, दाखल आहे. अर्जदार सोबतीण म्हणून आली. सुनेला खाट, मच्छरदाणी आणि पंख्याखालची जागा, सोबतिणीला चटई. सुनेचे पाय सुजले की खाली उशी येते. अर्जदाराचे पाय लग्नापासून सुजतात, त्याची दखल कोणी घेतलेली नाही. सून आपल्यातले अर्धे अंडे अर्जदारास देते, हे नाकारण्यात येत नाही. परंतु दिलेले अंडे आणि मिळालेले अंडे यांत फरक असतो, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. सुनेने स्वतःची खाटही देऊ केली होती. अर्जदारास सुनेची खाट नको, आपल्या नावाची पाहिजे.

याकरिता काल अर्जदाराने सिस्टरबाईंकडे रीतसर विचारणा केली: "तिले खाट, मंग मले काऊन नाई?" मावशी गरोदर आहेत काय, असे सिस्टरबाईंनी हसून विचारले. अर्जदाराचे उत्तर शब्दशः देण्यात येते: "होतो तवा कोणी पुसलं नाई."

वस्तुस्थिती अशी की, अर्जदाराची तिन्ही बाळंतपणे गुरांच्या कोठ्यात झाली. थोरल्याची नाळ गळायच्या आत ती रोवणीला धानाच्या बांधीत, चिखलात, उभी होती. तेव्हा माहेरघर नव्हते, आणि खऱ्या माहेरी भावजय होती. सबब तिन्ही वेळची विश्रांती थकीत असून ती आता एकदम मिळावी.

आणखी एक बाब अर्जदाराने अर्ज लिहिणारीकडे पाठ करून सांगितली. धाकटीच्या वेळी बाळंतपणाच्या ओल्या अंगाने धानाचे भारे वाहिल्यापासून तिचे अंग बाहेर येते. खोकले की येते, उकिडवे बसले की येते. जुन्या लुगड्याची घडी लावून तिने आजवर भागवले. पती श्री. लटारू यांना कल्पना नाही. परवा सिस्टरबाईंनी सुनेला विचारले, "खाली काही त्रास आहे काय बाई?" तेव्हा अर्जदार शेजारी चटईवर होती. प्रश्न आपल्यालाच आहे असे वाटून तिने तोंड उघडले. सिस्टरबाई सुनेकडे पाहत आहेत हे ध्यानात येताच मिटले. त्या दिवसापासून ती सुनेशी बोललेली नाही. अर्ज सांगण्यापुरते बोलते.

तरी विनंती की, अर्जदारास स्वतःच्या नावाची खाट द्यावी. अंडे द्यावे, अख्खे. आणि सुनेला विचारला तोच प्रश्न सिस्टरबाईंनी तिलाही, दार लोटून, विचारावा. तिन्ही मागण्या मंजूर होणे शक्य नसल्यास शेवटची करावी, असे अर्ज लिहिणारीचे मत आहे. अर्जदाराचे मत अंड्याला आहे.

आपल्या दारातच बसलेली,
सौ. कमळा लटारू भोयर
(डाव्या अंगठ्याचा ठसा)

अर्ज लिहून देणार: सौ. दिव्यानी आदेश भोयर, बी.ए., परिच्छेद एकमधील सून

स्थळ: पळसबोडी
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५

सोबत: आधार कार्डाची प्रत.

ता.क. माहेरघरात खाटा चार असून तीन रिकाम्या आहेत.